इंग्रजीत भांडणारा गावंडे

पुंडलिक गावंडे माझ्याशी इंग्रजीत भांडायचा. आणि भांडताना वाक्य चुकलं, तर भांडण तिथंच थांबवून आधी वाक्य दुरुस्त करायचा. तोवर माझा राग उतरलेला असायचा, त्याचाही. त्यामुळे एका टिनाच्या खोलीत इतके महिने काढूनही आमचं एकही भांडण शेवटाला गेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. वाशीम तेव्हा जिल्हा झाला नव्हता, सगळा मुलूख अकोल्यात होता. मंगरूळपीर तालुक्यात, आसेगावच्या पुढं, एका उघड्याबोडक्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. पावसानं पाठ फिरवली तशी आधी ज्वारी गेली, मग कपाशी गेली, आणि आसपासच्या गावांतली माणसं टोपलं-फावडं घेऊन ह्या माळावर आली. पुरुष मुरूम खणायचे, बाया टोपली वाहायच्या नाहीतर ओळीनं बसून हातोडीनं गिट्टी फोडायच्या. त्यांची हजेरी मांडायला दोन मस्टर कारकून होते. एक मी, काळे; दुसरा गावंडे. दोघंही रोजंदारीवर. काम असेल तोवर आम्ही कारकून; काम संपलं की आम्हीही त्याच ओळीत.

गावंडे उंच, काटकुळा होता. चालताना मान पुढं काढून चालायचा, जणू मान आधी पोचायची आणि मागून तो. शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. त्यातलं एक बंद पडलेलं होतं, पण ते तो काढत नसे. "दोन पेनाच्या मानसाले लोक बसा म्हन्तेत," असं त्याचं म्हणणं होतं. मॅट्रिक झाला होता, गणितात हुशार होता, अक्षर छापल्यासारखं. अडलं होतं ते फक्त इंग्रजीत. सरकारी कारकुनाच्या कायम जागेसाठी जी परीक्षा व्हायची, तिच्यात इंग्रजी व्याकरणाचा एक पेपर असे, आणि तो पेपर गावंडेला दरवेळी आडवा पाडायचा. वय आता जेमतेम ह्याच खेपेपुरतं बसत होतं. पुढल्या खेपेला अर्ज करायचीही सोय नव्हती.

त्याच्याकडे व्याकरणाचं एक जुनं पुस्तक होतं. मंगरूळच्या बाजारात रद्दीवाल्याकडून घेतलेलं. त्याची सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्ली होती, आणि नेमका 'अ', 'ॲन', 'द' कुठं लावायचे तो धडा त्या पानांत गेला होता. त्यामुळे गावंडेचे काळ पक्के, कर्मणी प्रयोग पक्का, पण 'द' मात्र तो स्वयंपाकात मीठ टाकावं तसा अंदाजानं टाकायचा. कधी खारट व्हायचं, कधी अळणी.

पहाटे तांबडं फुटलं की तो अर्धवट बांधलेल्या धरणाच्या भिंतीवर जाऊन उभा राहायचा आणि मोठ्यानं क्रियापदं चालवायचा. गो, वेन्ट, गॉन. ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. समोर कोरडा माळ, वर कोरडं आभाळ. पाण्यासाठी बांधलेल्या त्या भिंतीवर पहिलं काही साचलं असेल तर ते गावंडेचं इंग्रजी.

कर्मणी प्रयोगाचं त्याला फार वेड. दिसेल ती गोष्ट तो उलटी करून सांगायचा. एकदा स्टोव्हवर भाकरी करपली. मी विचारलं, "हे कोनी जाळलं?"

"द भाकर हॅज बीन बर्न्ड," तो शांतपणे म्हणाला.

"पण कोनी?"

"पॅसिव्हमधी थे सांगा नाई लागत, काळे. भाकर जाळल्या गेली हाये. बस."

मी चिडलो, तोही चिडला, आणि मग त्याला शंका आली की 'भाकर'च्या आधी 'द' हवा की 'अ'. त्यावर आम्ही दोघांनी करपलेली भाकरी खाल्ली.

ही गंमत त्यानं नंतर आपल्या बायकोला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "जाळनाऱ्याचं नाव नाई लागत म्हन्ता? सरकारची भाषा हाये मंग थे."

तिचं नाव सुमन. ती त्याच कामावर गिट्टी फोडायला होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गावंडेच्या मनातली सगळी कोंडी तिथं होती. तो मस्टर घेऊन ओळीपुढं उभा राहायचा, नावं पुकारायचा, आणि त्या ओळीत त्याची बायको बसलेली असायची. त्याच्या एकट्याच्या रोजंदारीत गावाकडची म्हातारी आई आणि लहान भावंडं निभत नव्हती, म्हणून ती आली. आमची टिनाची खोली सरकारी. तिथं मजुरांच्या माणसांनी राहायचं नाही असा वरचा हुकूम. त्यामुळे सुमन त्याच्या चुलतीबरोबर, राधाकाकूबरोबर, मजुरांच्या झोपड्यांत राहायची. नवरा-बायको एकाच माळावर, मध्ये एक गाडवाट, आणि दोघांची घरं वेगळी.

"सुमन पुंडलिक," तो पुकारायचा. "हाये," ती म्हणायची. दोघं एकमेकांकडे बघत नसत.

एकदा ती तापानं फणफणली होती. आली, पण हातोडी उचलवेना, नुसती बसून राहिली. गावंडेनं तिचा खाडा मांडला. मी म्हटलं, "अरे, बसली होती ना ती ओळीत! मांड हजेरी, कोन पाह्यते?"

"सगळ्या पाह्यतेत," तो म्हणाला. ओळीतल्या बायांकडे त्यानं बोट केलं नाही, पण मला कळलं. त्या दिवशी त्यानं व्याकरणाचं पुस्तक उघडलं नाही.

दुपारी पोटाला मिळणारी सरकारी सुकडी वाटून झाली की तासभर सुटी असायची. तेवढ्यात गावंडे गाडवाट ओलांडून झोपड्यांकडे जायचा, सुमन पळसाच्या सावलीला बसायची, आणि तो पुस्तक तिच्या हातात देऊन उत्तरं म्हणून दाखवायचा. सुमनला चौथीपर्यंतचं मराठी येत होतं, इंग्रजी अक्षर एक नाही. तरी ती पुस्तक मांडीवर उघडं ठेवून नीट ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "अडकले तुमी."

आणि खरंच तिथं चूक असायची. मी एकदा न राहवून विचारलं, "वहिनी, तुमाले समजते कसं?"

"मले काय समजते, भाऊजी!" ती हसली. "खरं उत्तर असलं का थे समोर पाहून बोलतेत. खोटं असलं का डोये झाकतेत."

तो सगळ्यात जास्त डोळे मिटायचा 'इफ'च्या वाक्यांना. पाऊस आला असता तर पीक झालं असतं, गाडी धरली असती तर पोचलो असतो, अशी न घडलेल्या गोष्टींची वाक्यं. 'हॅड' कुठं आणि 'वुड हॅव' कुठं, तिथं त्याची गाडी रुतायची. "जे झालंच नाई त्याच्यासाठी एवढं लंबं वाक्य कायले पाह्यजे?" असं तो वैतागून म्हणायचा.

हळूहळू त्याचं इंग्रजी सगळ्या कामावर पसरलं. हातोड्या चालायच्या आणि पलीकडं गावंडे हिंडत हिंडत घोकायचा. ते ऐकून ऐकून बायांच्या तोंडी बसलं. सुकडीची गाडी दिसताच सगळ्यांआधी उठणारी एक बाई होती, तिचं नाव त्यांनी 'नो सूनर' ठेवलं. कोणी काम चुकवलं की "व्हेअर इज ही?" आणि मग हशा. राधाकाकू ह्या सगळ्यांत वडील. तिच्या तोंडात दात थोडे आणि जीभ मोकळी. एकदा तिनं हातोडी बाजूला ठेवून पुतण्याला विचारलं, "बाबू, तुह्या इंग्रजीत भुकीले काय म्हन्तेत?"

"हंगर, काकू."

"अन् लय भूक लागली तं?"

गावंडे विचारात पडला. "थेच. हंगर."

"मंग काय फायदा बाप्पा एवढं शिकून?" असं म्हणून तिनं हातोडी उचलली. बाया हसल्या, गावंडेही हसला. पण तो शब्द शोधत राहिला. दोन दिवसांनी मंगरूळहून येताना त्यानं कुठल्याशा मास्तरला विचारून 'स्टार्व्हेशन' आणला आणि काकूला सांगितला. काकूनं तो म्हणायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "भुकेला मानूस एवढं मोठं बोलन कसा?"

उन्हाळा चढला तसं पाणी तुटलं. एक टँकर यायचा तो दुपारपर्यंत रिकामा. बाया भोवळ येऊन पडायला लागल्या. आमच्यावर एक उपअभियंता साहेब होते. मंगरूळला बसायचे, जीपमधून कधीमधी यायचे, आणि इंग्रजीशिवाय बोलत नसत. गावंडेला वाटलं, ह्यांना आपण इंग्रजीत अर्ज केला तर वजन पडेल. तीन संध्याकाळी बसून त्यानं अर्ज लिहिला. दुसरा टँकर द्यावा, बायांसाठी सावलीचा मांडव घालावा. कागद इतका सुरेख लिहिला होता की मला तो पाठवायचं जिवावर आलं.

आठवड्याभरानं चपराशी तो अर्ज परत घेऊन आला. त्यावर लाल पेन्सिलीनं खुणा केलेल्या. साहेबांनी प्रत्येक चुकीचा 'द' खोडला होता, जिथं राहिला होता तिथं घातला होता, आणि खाली झोकदार सही केली होती.

गावंडे हरखला. "पाह्य काळे, पाह्य! 'विमेन'च्या आंधी 'द' नाई पाह्यजे. अन् 'टँकर'ले 'अ' पाह्यजे! कोनी सांगतलंच नव्हतं मले." वाळवीनं खाल्लेला धडा त्याला जणू साहेबांच्या हातून परत मिळाला होता. तो खोलीच्या दारात बसून त्या दुरुस्त्या पुन्हापुन्हा वाचत होता.

तेवढ्यात गाडवाटेपलीकडून सुमन आली आणि दाराबाहेरच उभी राहिली. डोक्यावर फडका बांधला होता. त्या दिवशी 'नो सूनर' उन्हानं पडली होती; तिच्या तोंडावर मारायला पाणी मिळालं नाही म्हणून बायांनी आपल्या पिण्यातलं थोडं थोडं काढलं होतं.

"सायबाचा कागद आला म्हन्तेत. काय लेहलं?"

"माह्या चुका काहाडल्या," गावंडे आनंदानं म्हणाला.

"अन् पान्याचं?"

गावंडेनं कागद खाली-वर पाहिला. मग उलटा करून मागची बाजू पाहिली. मागं काही नव्हतं. त्याचा चेहरा कसा उतरत गेला ते मी पाहिलं आहे. सुमन वळून गेली.

त्यानं लगेच दुसरा कागद घेतला आणि मराठीत लिहिलं: 'कामावर पाणी नाही. बाया भोवळ येऊन पडत आहेत. कोणी मेली तर जबाबदारी कोणाची, ते लेखी कळवावे.' आणि सायकलवर टांग मारून भर उन्हात मंगरूळला गेला, साहेबांच्या टेबलावर स्वतः ठेवून आला. दोन-चार दिवसांत दुसरा टँकर सुरू झाला. मांडव काही आला नाही. सुमन बायांना म्हणाली, "ह्याईचं मराठी चांगलं हाये."

त्या उन्हाळ्यात आम्ही सगळेच त्या माळाला बांधल्यासारखे होतो. सोडून जावं तर खाडा. खाडा पडला की घरी चूल नाही. कोणाचं लग्न चुकलं, कोणी मयताला पोचू शकलं नाही. गावंडे म्हणायचा, "आपून इथून निंगाचा एकच रस्ता हाये काळे, अन् थो इंग्रजीतून जाते." मी परीक्षा देत नव्हतो. कारंज्याच्या एका शाळेत चिकटवून घेऊ असं मामानं सांगितलं होतं, मी त्या भरवशावर दिवस काढत होतो. गावंडेला असा मामा नव्हता.

परीक्षा अकोल्याला, वैशाखात होती. त्याच सुमाराला कामावर डोळ्यांची साथ आली. धूळ, ऊन, आणि हात धुवायला पाणी नाही. निम्म्या बायांचे डोळे लाल, चिकट. राधाकाकू एका लेकुरवाळीला पकडून तिच्या दुधाचे थेंब सगळ्यांच्या डोळ्यांत पिळवून घ्यायची. गावंडे धास्तावला. परीक्षेत डोळे आले तर वर्ष जाईल, आणि पुढं वर्षच नव्हतं. तो दिवसातून चारदा आरशात डोळे पाहायचा.

आणि परीक्षेच्या चार-पाच दिवस आधी एका दुपारी तो झोपड्यांकडे निघाला, तर सुमननं पळसाखालूनच हात करून त्याला थांबवलं. डाव्या डोळ्यावर पदर बांधला होता.

"जवळ नका येऊ. डोये आले माहे."

"लय दुखते काय?"

"दुखतेच ना. सगळ्याईचे दुखतेत. तुमी तथूनच बोला."

मग तो गाडवाटेच्या अलीकडे उभा राहिला आणि ती पलीकडे बसली. त्यानं तिथूनच मोठ्यानं उत्तरं म्हटली. पुस्तक त्याच्याकडेच राहिलं. ती एका डोळ्यानं त्याच्याकडे पाहत होती. 'इफ'ची वाक्यं आली. पाऊस आला असता तर. गाडी धरली असती तर. त्यानं सगळी म्हणून टाकली, समोर पाहून.

"आज अडकले नाई तुमी," सुमन ओरडून म्हणाली.

राधाकाकू तिच्या शेजारी गप्प बसली होती. काकू गप्प बसते ही गोष्टच खरं तर विचित्र होती. पण ऊन भयंकर होतं, सगळेच गप्प असायचे. गावंडे रोज तसाच रस्त्याअलीकडून घोकत राहिला, आणि एका सकाळी आसेगावहून एसटी धरून निघून गेला. जाताना त्यानं लांबून हात केला. सुमननंही केला.

तो परतला तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. पेपर सोपा गेला होता. उतरल्या उतरल्या मला सगळे प्रश्न सांगायला लागला. अकोल्याहून सुमनसाठी त्यानं हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. त्या घेऊन गाडवाटेपलीकडे गेला आणि थोड्या वेळानं माझ्या नावानं हाक ऐकू आली. ती हाक मराठीत होती आणि तिच्यात नुसतं "काळे, काळे" एवढंच होतं.

मी धावत गेलो. सुमन झोपडीत पडून होती. पदर सोडलेला. डावा डोळा सुजून बंद झाला होता आणि त्यातून पू येत होता. डोळे आले नव्हते. गिट्टी फोडताना दगडाची कपची उडून आत घुसली होती.

"कवा झालं हे?" गावंडे राधाकाकूला विचारत होता. "कवा झालं?"

काकू रडायला लागली. "तिनं शपथ घातली व्हती रे बाबू. म्हने ह्याईची परीक्षा होऊ द्या. म्हने साथ हायेच, कोनाले समजत नाई."

आम्ही बैलगाडीनं आसेगाव, आसेगावहून एसटीनं अकोला गाठलं. मी सोबत गेलो, कारण गावंडे त्या दिवशी तिकीट काढण्याच्याही अवस्थेत नव्हता. दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी बराच वेळ तपासलं. मग सुमनला बाहेर बाकावर बसवलं. गावंडेच्या खिशातली दोन पेनं पाहिली असावीत. त्याच्याशी इंग्रजीत बोलले. बायको बाहेर ऐकते आहे, तिला कळू नये, असाही त्यांचा चांगला हेतू असेल.

"इफ शी हॅड बीन ब्रॉट अर्लिअर," ते म्हणाले, "द आय वुड हॅव बीन सेव्हड."

मला अर्धंच कळलं. मी गावंडेकडे पाहिलं. तो डॉक्टरांकडे समोर बघत होता. डोळे मिटले नव्हते.

बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, "काय म्हणाले?"

"पेपरात आलं होतं असंच वाक्य," तो म्हणाला. "बरोबर लिवलं म्या."

सुमननं बाकावरून विचारलं, "काय म्हने डाक्टर?"

"थोडा उशीर झाला म्हने," गावंडे म्हणाला, आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.

डोळा गेला. अकोल्याहून परतल्यावर काही दिवसांतच सुमन पुन्हा ओळीत बसली, गिट्टी फोडायला नाही, टोपली भरायला. गावंडे नावं पुकारायचा, ती "हाये" म्हणायची. आणि गावंडेचं इंग्रजी बंद झालं. भिंतीवर जाणं बंद, पुस्तक ट्रंकेत. माझ्याशी भांडण झालंच तर तो उठून बाहेर जायचा. ती खोली मला इतकी लहान कधी वाटली नव्हती. बायाही अवघडल्या. राधाकाकू एकदा म्हणाली, "बाबू, काई म्हन ना रे. हातोडी चालत नाई." तो पुढं निघून गेला.

ज्याच्यावर ओरडावं असं त्याला कोणी नव्हतं हे त्याचं खरं दुःख होतं. कामावरच्या मुकादमावर ओरडावं तर त्यानं काही केलं नव्हतं. सुमनवर ओरडावं तर कोणत्या तोंडानं? एकदाच मी दोघांना बोलताना ऐकलं. टँकरच्या मागं ती घागर भरत होती.

"मले सांगतलं काहून नाई?" तो विचारत होता. "मले इचारा लागत होतं तुनं."

सुमननं घागर सरळ केली. "तुमाले इचारलं असतं तं तुमाले ठरवा लागलं असतं," ती म्हणाली. "म्या ठरवलं. सरलं थे आता."

आणि घागर उचलून गेली. 

निकाल लागला त्यात त्याचा नंबर होता. मुलाखतीला बोलावणं आलं. ते त्यानं वाचलं, घडी केली आणि म्हणाला, "मी नाई जात." मी समजावलं, मुकादमानं समजावलं. तो ऐकेना. मुलाखतीच्या आदल्या दुपारी सुमन आली. दारापाशी थांबली नाही. मजुरांच्या माणसांनी यायचं नाही अशा त्या सरकारी खोलीत ती सरळ आत आली आणि त्याच्या ट्रंकेतला धुतलेला शर्ट काढून खाटेवर ठेवला.

"डोया काय तुमी घरी बसासाठी गेला काय माहा?" ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तो तं गेला. आता तुमीबी नाई गेले तं दोनी गेलं."

गावंडेनं मान खाली घातली होती. ती वर न करता त्यानं शर्ट घेतला.

पावसाळा बरा झाला, काम बंद पडलं, माणसं आपापल्या शेतांकडे गेली. मी कारंज्याच्या शाळेत लागलो. गावंडेला वाशीमच्या एका सरकारी कचेरीत जागा मिळाली. दोन-तीन वर्षांनी शाळेच्या कामासाठी वाशीमला गेलो तेव्हा मुद्दाम त्याला भेटलो. टेबल होतं, पंखा होता, टेबलावर इंग्रजी कागदांचा ढीग. त्याला जाड भिंगाचा चष्मा लागला होता. चहा मागवला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. तिथले साहेब त्याला खात्यातल्या पुढच्या परीक्षेला बस म्हणत होते, वरची जागा मिळाली असती. तो बसणार नव्हता.

"काहून?" मी विचारलं.

"नाई होत रे आता." त्यानं चहाची बशी सरकवली. "इथून उठून पुढं जायाची हिंमत होत नाई. अन् ह्या खुर्चीत बसवतबी नाई. सुमनले वाटते मी मोठा सायब व्हावं. मले वाटते, हे जे हाये तेच माह्या बापाच्यानं फिटत नाई."

मी काहीतरी बोललो. तुझा त्यात दोष नव्हता, तुला ठाऊकच नव्हतं, असं काहीसं. तो शांतपणे ऐकत होता. मग एकदम म्हणाला, "काळे, तिले वाटलं का मले सांगतलं असतं तं मी परीक्षा सोडून तिले दवाखान्यात नेलं असतं. म्हनून तिनं सांगतलं नाई."

"मग? नेलंच असतंस की तू."

त्यानं चष्मा काढून हातात धरला. "मले नाई माहीत," तो म्हणाला. "मी गेलोबी असतो परीक्षेले. चार दिवस काढ म्हनलंबी असतं तिले. रोज पाह्यतो आपल्याच मनात, अन् रोज येगळं उत्तर येते. तिचा एवढा इस्वास, अन् मलेच माहीत नाई मी कोन होतो थे."

बाहेर चपराशानं सुटी संपल्याची घंटा दिली. त्यानं चष्मा लावला आणि समोरचा कागद ओढला. मी उठलो. दारातून वळून पाहिलं तर तो लिहायला लागला होता.

त्यानंतर त्याची-माझी भेट झाली नाही. दिसला मात्र एकदा. कारंज्याच्या एसटी स्टँडवर, कापसाच्या दिवसांत. बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, तिच्यामुळे स्टँडवरही रेटारेटी. मी मूर्तिजापूरच्या गाडीत खिडकीशी बसलो होतो आणि समोरून गावंडे आणि सुमन चालत आले. तिच्या कडेवर एक मुलगी होती. सुमन काहीतरी सांगत होती, रंगात येऊन, मोकळा हात हलवत. मुलगी तिच्या तोंडाकडे पाहत होती.

गावंडे तिच्या डाव्या बाजूनं चालत होता. एक हमाल डोक्यावर पेटी घेऊन त्याच अंगानं भरधाव आला. सुमनला तो दिसणं शक्य नव्हतं. गावंडेनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. नुसता तळहात वर नेऊन तिच्या कानशिलापाशी धरला. पेटीचा कोपरा त्याच्या मनगटाला घासून गेला. सुमनला कळलंही नाही, ती बोलतच होती. तो ऐकत होता. त्यानं मनगट पायजम्याला पुसलं आणि हात पुन्हा होता तिथं, तिच्या खांद्यामागं, नेऊन ठेवला.

मी खिडकीतून हाक मारली. पण ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती, आणि गावंडे त्या वेळी दुसरं काहीच ऐकत नव्हता.